‘पोटात दुखतंय’ म्हणणारी मुलं, त्यांच्या आया आणि आपण

(जुईनगर इथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजच्या शिबिराचा विषय ‘मुली आणि शिक्षण’ असा आहे. या विषयावर आपण नेहमी बोलतो ते शाळेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या मुलींबद्दल. शाळा लांब आहे, फी परवडत नाही, घरी धाकटं भावंड आहे, लग्न ठरलंय. ही कारणं आपल्या ओळखीची आहेत आणि त्यांच्याशी कसं लढायचं तेही आपल्याला थोडंफार ठाऊक आहे. मी आज वेगळ्या मुलांबद्दल बोलणार आहे. यांची शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. फी भरलेली आहे, दप्तर भरलेलं आहे, गणवेशाला इस्त्री करून तो खुर्चीवर ठेवलेला आहे. आणि मूल अंथरुणातून उठत नाही.

गेली काही वर्षं मी जुईनगर, शिरवणे, नेरूळ, सानपाडा या भागात अशा मुलांबरोबर काम करते. माझ्या कामाला शाळांमध्ये ‘लर्निंग सपोर्ट असिस्टंट’ म्हणतात. कुणी ‘शॅडो टीचर’ म्हणतं. वस्तीतल्या बायकांनी मात्र माझं नाव ‘सोबतवाल्या ताई’ असं ठेवलंय आणि मला तेच जास्त बरोबर वाटतं. एम.एस.डब्ल्यू. करताना व्यक्तिकार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन असे तीन वेगळे विषय आम्हाला होते. या कामात ते तिन्ही एकाच सकाळी लागतात.

तुम्ही म्हणाल, हा डॉक्टरांचा नाहीतर शिक्षकांचा विषय, तो स्त्रियांच्या शिबिरात कशाला? माझं म्हणणं असं, की या प्रश्नाच्या तिन्ही कोपऱ्यांत बाई उभी आहे. शाळेला घाबरणारी मुलगी, तिच्यासाठी दोषी ठरवली जाणारी तिची आई, आणि अत्यल्प पैशात हे काम करणारी सोबतीण. म्हणून हा विषय आपला आहे.

दुखणं खोटं नसतं

सुरुवात बहुतेक वेळा शरीरापासून होते. रविवारी संध्याकाळी पोटात दुखायला लागतं. सोमवारी सकाळी मळमळतं, डोकं ठणकतं, पुन्हा पुन्हा संडासला जावं लागतं. शाळेची वेळ टळून गेली की अकरा वाजता पोर खणखणीत! मग घरातली माणसं म्हणतात, ‘नाटकं नुसती.’

हे दुखणं नाटक नसतं. भीती वाटली की पोट आवळतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात. भीतीचं कारण बाजूला झालं की शरीर शांत होतं. कोर्टात पहिल्यांदा साक्ष द्यायला किंवा पोलीस चौकीची पायरी पहिल्यांदा चढायला आपण गेलो होतो तेव्हा आपल्या पोटात कसा गोळा आला होता ते आठवून पाहा. या मुलांना तो रोज सकाळी येतो.

तरीही मी पहिल्यांदा मुलाला डॉक्टरकडे न्यायला सांगते. रक्त कमी आहे का, डोळे तपासलेत का, पाळीत फार त्रास होतो का, हे पाहायलाच हवं. सगळं तपासून झालं आणि तरी सोमवारचं दुखणं सोमवारीच येत असेल, तर ते काय सांगतंय ते ऐकायचं.

हे चक्र कसं फिरतं तेही समजून घेऊया. मूल घरी राहिलं की त्याला सुटका वाटते. या सुटकेतून मन एक धडा शिकतं: शाळा धोक्याची, घर सुरक्षित. दुसऱ्या दिवशी भीती थोडी वाढलेली असते. त्यात अभ्यास मागे पडतो. मैत्रिणी ‘कुठे होतीस गं इतके दिवस?’ असं विचारतील, याचीही धास्ती बसते. चार दिवसांचे चार आठवडे होतात, आणि मूळ कारण काय होतं ते मुलालाही नीट सांगता येत नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. शहरांतले आठवीच्या पुढचे वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडले, लहानांचे त्याच्याही नंतर. आधीपासून बिचकणाऱ्या मुलांना शाळेबाहेर राहण्याची एवढी लांब सवय सगळ्या समाजानेच लावली होती.

दांडी मारणारा मुलगा वेगळा. तो घरून निघतो आणि शाळेत पोहोचत नाही, घरच्यांपासून लपवतो. आपलं मूल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घरात असतं. त्याला बहुधा शाळेत जायचंही असतं. ‘उद्या नक्की जाईन’ हे ते रात्री अगदी मनापासून म्हणतं. सकाळी मात्र पाय उंबऱ्यात अडकतात.

दोष कुणाच्या माथी?

या प्रकाराचा पहिला शास्त्रीय उल्लेख अमेरिकेत १९३२ साली ब्रॉडविन यांनी केला. १९४१ मध्ये ॲडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘स्कूल फोबिया’, म्हणजे शाळेचं भय, असं नाव दिलं. पण त्यांनी त्याचं मूळ शोधलं ते आई आणि मूल यांच्या एकमेकांवरच्या अवलंबनात. आई स्वतःच चिंतेत असते, ती मुलाला सोडत नाही, म्हणून मूल शाळेत जात नाही, असा एकूण सूर. पुढे कितीतरी वर्षं हाच सूर चालला. आज अभ्यासक कारणांची मोठी यादी देतात. वर्गातली छळवणूक, शिक्षकांनी केलेला अपमान, वाचता-लिहिता न येण्याची अडचण, स्वमग्नता, घरातला मृत्यू, घरातली मारहाण, परीक्षेचं ओझं. शास्त्र पुढे गेलं, पण आपल्या चाळीतली, सोसायटीतली, शाळेच्या ऑफिसातली भाषा अजून १९४१ मध्येच आहे. ‘आईनेच लाडावून ठेवलंय.’ आणि आई नोकरी करत असेल तर? ‘आईचं लक्षच नाही.’ बाई घरी असो की कामावर, निकाल एकच.

जपानमध्ये या मुलांसाठी ‘फुतोको’ असा शब्द आहे. तिथलं सरकार वर्षाला ३० किंवा अधिक दिवस गैरहजर राहणाऱ्या अशा मुलांची दरवर्षी मोजणी करतं. २०२३-२४ या वर्षात प्राथमिक आणि माध्यमिक शाळांमधली अशी मुलं ३,४६,४८२ होती. आपल्याकडे शाळाबाह्य मुलांची पाहणी होते, आणि सलग महिन्याहून अधिक काळ गैरहजर असलेलं मूलही त्या व्याख्येत येतं. पण ते कशामुळे गैरहजर आहे याच्या रकान्यात भीतीला जागा नाही. आठवड्यातून दोन दिवस जाणारं आणि तीन दिवस घरी राहणारं मूल तर कुठल्याच यादीत येत नाही.

आपला परिसर

आपलं जुईनगर कसं वसलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, शेतकरी आणि कोळ्या-आगऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि गावांच्या भोवती सेक्टर उभे राहिले. १९९२ मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला आली, पुढच्या वर्षी बेलापूरपर्यंत गेली. त्या गाडीबरोबर माणसं आली. लहान घरं, लांबचा प्रवास. बाप सकाळी सहाची गाडी धरतो आणि रात्री नऊला येतो. आई एम.आय.डी.सी.मध्ये पॅकिंगला नाहीतर तुर्भ्याच्या बाजारात माल निवडायला जाते, किंवा नेरूळ-वाशीला चार घरची कामं धरते. गावी आजी, आत्या, काकू असायच्या. इथे दार बंद केलं की मूल आणि मोबाइल.

अशा घरात मुलाने शाळा सोडली की बाईला पहिल्यांदा काम सोडावं लागतं. ‘तू घरी राहा, त्याच्याकडे बघ’ असं तिला सांगितलं जातं, आणि खाडा झाला की रोजंदारी बुडते. बापाने रजा घेतल्याचं उदाहरण मला माझ्या कामात एकदाच दिसलं. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात गेल्याची नोंद आहे. पुरुषांची ९७. शाळेला घाबरणारं मूल घरात असलं की बाईच्या या मिनिटांत आणखी किती भर पडते, ते कुणी मोजलेलं नाही. सकाळची रडारड तिची, शाळेचे फोन तिला, मुख्याध्यापकांपुढे मान खाली घालून उभं राहणं तिचं, आणि रात्री नवऱ्याचे शब्दही तिलाच.

मुलाची अडचण, मुलीचं घरकाम

आता मी तुम्हाला तीन मुलांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

एका घरी मला सहावीतल्या मुलासाठी बोलावलं होतं. तो दोन महिने शाळेत गेला नव्हता. वडील हवालदिल, आई रडवेली, दोन डॉक्टर आणि एक देवस्थान करून झालेलं. मी त्याच्याशी बोलत होते तेव्हा त्याच्या बहिणीने चहा आणून दिला. पंधरा वर्षांची असेल. तो ज्या गणितावर अडला होता ते तिने उभ्या उभ्या तोंडी सोडवलं. मी विचारलं, ‘तुझी शाळा दुपारची का गं?’ ती काही बोलली नाही. आई म्हणाली, ‘ती सात महिने घरीच आहे. तिलाही शाळेत कसंसंच व्हायचं. पण तिचं काही नाही, घरात मदत होते.’

मैत्रिणींनो, एकाच घरात, एकाच प्रकारच्या भीतीने दोन मुलं शाळेबाहेर पडली होती. मुलाचं बाहेर पडणं ही अडचण ठरली आणि मुलीचं बाहेर पडणं ही सोय. मुलगा अंथरुणात पडून राहतो, म्हणून तो दिसतो. मुलगी घरी राहते आणि उठून भांडी घासते, म्हणून ती दिसत नाही. उलट शेजारपाजारी म्हणतात, पोरगी किती शहाणी झाली. आणि अशी ‘शहाणी’ झालेल्या मुलीचं पुढे काय होतं ते आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. त्या सगळ्या शाळेला घाबरून घरी बसलेल्या होत्या असं मी म्हणत नाही. पण शाळेपासून तुटलेल्या मुलीच्या बाबतीत घरातला पुढचा विषय कोणता निघतो, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

या मुलीने शाळा का सोडली? नववीत तोंडी परीक्षेत ती अडखळली, वर्ग हसला, बाईंनी तिला पूर्ण तास उभं ठेवलं. तिला दरदरून घाम फुटला, समोरचं दिसेना. त्यानंतर वर्गाच्या दारात पाय टाकला की तेच व्हायचं. शाळेने दोनदा निरोप धाडला आणि मग सांगितलं, दाखला घेऊन जा. दाखला घरात आला, पत्र्याच्या पेटीत गेला आणि विषय संपला.

तिला पुन्हा त्याच वर्गात बसवणं शक्य झालं नाही. तिने १७ नंबरचा फॉर्म भरला. मी आठवड्यातून तीनदा तिच्याबरोबर सार्वजनिक वाचनालयात बसायची. घरी नाही, हा माझा आग्रह होता. बाहेरून परीक्षा देण्याची सोय चांगली आहे, पण मुलींच्या बाबतीत तिचा अर्थ बहुतेक वेळा ‘घरकाम सांभाळून अभ्यास’ असा होतो, आणि मग अभ्यास उरतच नाही. चपला घालून घराबाहेर पडणं, चार अनोळखी माणसांत दोन तास बसणं, हाही तिचा अभ्यासच होता. ती दहावी झाली. भाऊ तिच्या आधीच शाळेत परत गेला होता, कारण त्याच्यामागे सगळं घर होतं.

सोबतीण नेमकं काय करते?

दुसरी मुलगी आठवीतली. तिच्या बाबतीत काम कसं झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यातल्या अनेकींना ते करता येण्यासारखं आहे.

पहिला आठवडा मी शाळेचं नावही काढलं नाही. रोज वीस मिनिटं तिच्याजवळ जमिनीवर बसले. ती कागदाचे कप्पे करून मणी भरायची, मीही भरले. आठव्या दिवशी ती आपण होऊन बोलली. वर्गात बसलेली असताना पाळी आली होती, डाग पडला, मुलं हसली. शाळेतल्या मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. ती सकाळपासून पाणीच पीत नसे, म्हणजे जावं लागू नये. म्हणून डोकं दुखायचं, चक्कर यायची. चक्कर आली की पुन्हा सगळ्यांसमोर काहीतरी होईल याची भीती.

पुढे आम्ही दोघींनी मिळून कागदावर एक शिडी काढली. सगळ्यात खालची पायरी सर्वात सोपी, वरची सर्वात अवघड. संध्याकाळी पाच वाजता, शाळा सुटल्यावर, फाटकापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. मग गणवेश घालून जायचं. मग फाटकाच्या आत जाऊन शिपाई मावशींशी दोन शब्द बोलायचे. मग शाळा भरलेली असताना ग्रंथालयात एक तास. मग वर्गात शेवटचा एक तास, तोही तिच्या आवडत्या मराठीचा. प्रत्येक पायरीवर भीती येणार, हे तिला आधीच सांगितलेलं होतं. भीती वाढते, शिखराला जाते आणि पळून न जाता थांबलं तर हळूहळू उतरते. ती उतरेपर्यंत मी शेजारी असायची. भीती शून्य ते दहामध्ये किती आहे ते ती बोटांनी दाखवायची. आठ बोटांवरून चार झाली की आम्ही निघायचो. आठला असताना निघायचं नाही, एवढाच नियम.

शाळेकडून तीन गोष्टी मागितल्या. बसायला दाराजवळची जागा. न विचारता पाच मिनिटं बाहेर जाता येईल अशी सही केलेली चिठ्ठी. आणि आल्या आल्या ‘काय राणीसाहेब, उगवलात?’ असं कुणी म्हणू नये. पहिल्या दोन मिळाल्या. तिसरीसाठी दोनदा बोलावं लागलं. चौथी गोष्ट संडासाची कडी. ती माझ्या अर्जाने बसली नाही. वर्गातल्या मुलींच्या तीन आया एकत्र मुख्याध्यापकांकडे गेल्या, तेव्हा बसली. एकट्या मुलीची भीती म्हणून ज्याकडे पाहिलं जात होतं ते शाळेतल्या सगळ्याच मुलींचं दुखणं होतं. तिच्या शरीराने ते फक्त आधी बोलून दाखवलं.

याला चार महिने लागले. मध्ये दिवाळीची सुट्टी आली आणि आम्ही दोन पायऱ्या खाली घसरलो. हे होतंच, प्रत्येक सुट्टीनंतर होतं, त्यामुळे त्याची तयारी आधीच ठेवायची. वार्षिक परीक्षेपर्यंत ती आठवड्यातले चार दिवस जाऊ लागली होती. पाचवा दिवस अजून अवघड जातो. मी त्याला यश म्हणते.

तिसरं मूल पाचवीतला मुलगा. वडील त्याला पट्ट्याने मारत शाळेत नेत. त्याला अक्षरं ओळीत दिसतच नव्हती आणि प्रकट वाचनाचा तास आला की तो ओकायचा. अशा अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्राने १९९६ मध्येच पुढाकार घेतला होता. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलती आहेत. मुंबईत सायन, नायर, के.ई.एम. या सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला अपंगत्वांच्या यादीत घेतलं. इतक्या वर्षांनंतरही त्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. मार थांबला तो तपासणीनंतर. पण मार थांबण्यासाठी मुलाजवळ प्रमाणपत्र असावं लागतं, याचा विचार आपण करायला हवा.

आणखी एक सांगते आणि ते ठामपणे सांगते. लहान मूल अचानक शाळेला, शाळेच्या बसला किंवा एखाद्या क्लासला नको म्हणायला लागलं, तर शिडी काढण्याआधी, समजूत घालण्याआधी, तिथे कुणी त्याच्या अंगाला हात लावला का, याची शंका मनात आणा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण बाहेर आलं तेव्हा आपण सगळ्या हादरलो होतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना देण्याचं बंधन आहे. शाळेची अब्रू हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. मुलाचं ‘नको’ कधी कधी अगदी बरोबर असतं. तिथे मुलाला धीट करायचं नसतं, त्याला तिथून बाहेर काढायचं असतं.

कायदा काय देतो, कुठे थांबतो?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीला नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसा नियमही केला, पण नापास झालं तरी काढून टाकता येत नाही. कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. तासभर उभं ठेवून हसू करणं हा मानसिक छळच आहे, हे शाळेत जाऊन कायद्याचं कलम सांगून म्हणता येतं.

पण हा कायदा ६ ते १४ वर्षांपुरता आहे. आणि भीतीने शाळा सुटण्याचं प्रमाण माझ्या अनुभवात सर्वात जास्त दिसतं ते आठवी-नववीत, म्हणजे नेमकं संरक्षण संपतं तिथे. वर दहावीसाठी ७५ टक्के हजेरीची अट. त्यामुळे शाळा म्हणते, ‘आमच्या हातात काही नाही, दाखला घ्या.’ आपल्या मैत्रिणींना मी एकच सांगते, घाईने दाखला घेऊ नका. आधी डॉक्टरांचं पत्र द्या, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोच हा आपल्या चळवळीचा जुना धडा आहे.

२८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी प्राथमिकला दर १० मुलांमागे आणि त्यावरच्या वर्गांना दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. आपल्या भागातल्या प्रत्येक शाळेला आपण हा प्रश्न विचारू शकतो: तुमच्याकडे ही व्यक्ती कोण आहे, ती आठवड्यातून किती दिवस येते, आणि तिला बसायला खोली आहे का?

सोबतीणीचं काम आणि दाम

आता थोडं आमच्याबद्दल. माझ्या ओळखीत हे काम करणाऱ्या जवळपास सगळ्या बायका आहेत. खासगी शाळांमध्ये बहुतेक ठिकाणी शाळा आम्हाला नेमत नाही. पालक पैसे देतात आणि शाळा ‘बसू देते’. म्हणजे ज्याला परवडतं त्याच्या मुलाला सोबतीण. नेमणूकपत्र नाही, सुट्टीचे पैसे नाहीत, मूल स्वतःच्या पायावर उभं राहिलं की आमचं काम संपतं. म्हणजे काम चांगलं केलं की काम जातं! वर ‘मुलांची आवड आहे ना तुम्हाला’ असं म्हणून मानधन कमी करायचं. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंनी हे सगळं ऐकलेलं आहे. बाईच्या मायेवर व्यवस्था चालवायची आणि मायेला पगार कसला म्हणायचं, ही जुनीच रीत आहे.

माझी मागणी अशी, की हे पद शाळेचं असावं, महानगरपालिकेच्या शाळांत ते आधी निर्माण व्हावं, आणि त्याला प्रशिक्षण आणि किमान वेतन असावं. तोपर्यंत गटागटांतून आपण काही जणींना तयार करू शकतो. पण ती तात्पुरती तजवीज आहे हे विसरायचं नाही. नाहीतर सरकारचं काम आपणच फुकट करून देऊ.

शाळाही मुलाकडे जाऊ शकते

शाळा बदलू शकत नाही, मुलानेच बदललं पाहिजे, असं मला शिक्षक सांगतात तेव्हा मी त्यांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण देते. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी काम सुरू केलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. त्यांनी मुलांना आळशी ठरवलं नाही. बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. दोन बायकांनी साधनं नसताना हे केलं. दाराजवळ एक बाक ठेवणं आणि संडासाला एक कडी बसवणं त्या मानाने काहीच नाही.

आपण काय करायचं?

शेवटी, गटांसाठी चार कामं सांगते.

पहिलं काम, आपापल्या गल्लीत, इमारतीत ११ ते १६ वयाची कोण मुलगी सकाळी घरी असते, याची यादी करा. ‘मदत करते’ हे उत्तर मिळालं तर तिथे थांबू नका. तिला एकटीला विचारा, आणि ‘का जात नाहीस?’ असं विचारू नका. ‘शाळेत सगळ्यात नकोसं काय वाटतं?’ असं विचारा.

दुसरं, ज्या आईचं मूल घरी आहे तिला एकटी पडू देऊ नका. महिन्यातून एकदा अशा आयांनी एकत्र बसावं. आमच्याकडे पाच जणींनी सुरुवात केली. पहिल्या बैठकीत प्रत्येकीला वाटत होतं की आपणच कुठेतरी चुकलो. पाचही जणींनी तेच वाक्य म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं, आणि मग बोलणं शाळेकडे वळलं. बापांनाही बोलवा. नाही आले तर पुन्हा बोलवा.

तिसरं, शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. तिथे जाऊन संडास, कडी, पाणी, आणि शिक्षकांची भाषा हे विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणा.

चौथं, दोन दूरध्वनी क्रमांक पाठ करा. मुलांसाठी १०९८, आणि मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेला टेलिमानस, १४४१६. मूल ‘जगावंसं वाटत नाही’ असं म्हणालं तर त्याला नाटक म्हणू नका, त्याला एकटं ठेवू नका, आणि त्याच दिवशी मदत मागा.

आता जेवणाच्या सुट्टीनंतर गटचर्चा आहे. पहिल्या कामाच्या यादीचा कागद मी आणला आहे. प्रत्येक गटाने एक घ्यावा आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीला भरून आणावा. नावं आपल्यापुरतीच राहतील. पण किती मुली आहेत, तो आकडा घेऊन आपण सगळ्या मिळून महानगरपालिकेच्या शिक्षण विभागात जाऊ.